पेडल तळाला लागलं, त्याआधीचे ३१ तास

शनिवार, सकाळी ९. उरले ३१ तास.
पुण्यातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबवताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. लगेच पुन्हा दाबलं, तर वर आलं आणि घट्ट लागलं. ‘लागतोय की ब्रेक,’ म्हणून विषय मिटला. (ही गाडी कुणा एकाची नाही. घाटात ब्रेक जाण्याची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच घडते, म्हणून ती एका गाडीवर घालून सांगतो आहे.)

खरं तर अर्धं निदान फाटकातच झालं होतं. पहिल्या दाबाला पेडल खाली आणि दुसऱ्याला वर, म्हणजे एक तर पाइपात हवा आहे, नाहीतर मागच्या ड्रममधले ब्रेक शू झिजून लांब गेलेत. ब्रेक ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा आकसते आणि जोर तिथेच जिरतो.

शनिवार, सकाळी ११. उरले २९ तास.
गॅरेज. मागचं व्हील सिलिंडर गळत होतं, ते महिन्यापूर्वी इथेच बदललेलं. त्या दिवशी एअर घाईघाईत काढली होती आणि बाकीच्या पाइपांतलं ऑइल जुनंच राहिलं होतं. आज मे महिन्यातला शनिवार, गाड्यांची रांग. पोराने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीतलं काळपट ऑइल पाहिलं, वर थोडं नवं ओतलं. “काका, बिनधास्त जा.”

इथे दहा मिनिटं दिली असती, तर काय दिसलं असतं? इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायचं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून अर्धं मिनिट तसाच धरायचा. पेडल हळूहळू बुडायला लागलं तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांवर आणि बूस्टरपाशी कुठेच ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सीलवर. पेडल बुडत नाही, पण पायाखाली लिबलिबीत लागतं, तर हवा, किंवा फुगणारा जुना रबरी होज. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. या गाडीत पेडल लिबलिबीत लागलं असतं.

शनिवार, संध्याकाळी ५. उरले २३ तास.
महाबळेश्वरला जायला वाई मागे टाकून पसरणी घाट चढला. चढावर ब्रेकची परीक्षा होतच नाही. गाडी ‘मस्त पळतेय’.

रविवार, दुपारी ३.१५. उरली ५५ मिनिटं.
महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे. पाच माणसं, डिकी गच्च. खाली उतरायचं आहे बाराशे मीटरहून जास्त. सामानासकट १,४०० किलोंची गाडी एवढी उतरवताना सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर जी उष्णता तयार होते तिने सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. गाडी चौथ्या गियरमध्ये होती आणि पाय ब्रेकवर. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिन ओरडतं, पेट्रोल जास्त जातं, असा समज. उतारावर गियरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना आजच्या गाड्यांत इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुपारी ३.५५. उरली १५ मिनिटं.
प्रतापगडाच्या फाट्याशी चहा. चाकांतून जळका वास येतोय. पाच मिनिटांत गाडी पुन्हा सुरू.

थांबले हे बरंच केलं, पण पाच मिनिटं हा सगळ्यात वाईट हिशेब. चालत्या गाडीत डिस्कला वारा लागतो. गाडी उभी राहिली की ती उष्णता पॅडमधून कॅलिपरमधल्या ऑइलमध्ये शिरते. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तेच १४० अंशांची जेमतेम हमी देतं. उकळलं की वाफ, आणि वाफही हवेसारखीच आकसते. थांबायचं तर अर्धा तास तरी थांबायचं.

दुपारी ४.०९. उरलं १ मिनिट.
वळणाआधी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला. पॅड नुसते तापून घसरले असते, तर पेडल घट्ट लागूनही गाडी थांबली नसती. इथे पायाखाली काहीच नव्हतं. चालकाने पाय तसाच दाबून धरला. भराभर पंप मारले असते तर थोडा दाब मिळाला असता. एकेक गियर खाली आणून, बटण दाबलेलं ठेवून हँडब्रेक हळूहळू ओढता आला असता. तो केबलवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. माहीत असूनही त्या क्षणी सुचत नाही.

दुपारी ४.१०.
त्याने स्टिअरिंग दरीकडून डोंगराकडे फिरवलं. त्या दिवसातला तेवढा एक निर्णय अचूक. गाडी कातळाला घासत गटारात आपटली. चालकाच्या दोन बरगड्या गेल्या, पुढे बसलेल्या आजोबांचा खांदा मोडला. बाकी तिघं खरचटण्यावर सुटले.

संध्याकाळी ६.३०.
क्रेनवाल्याने पेडल दाबून पाहिलं. दुसऱ्या दाबाला घट्ट. “साहेब, ब्रेक तर लागतोय!” थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं, म्हणून अशा अपघातानंतर दोष चालकावरच जातो.

पुढे वर्कशॉपमध्ये जे झालं, ते शनिवारीच व्हायचं होतं. एक जण सीटवर, एक चाकापाशी. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेलं. “दाब... धर,” म्हटल्यावर निपल अर्धा आटा सैल. काळं ऑइल आणि बुडबुडे बाहेर. निपल आवळलं, मगच “सोड”. हा क्रम चुकला तर हवा परत आत. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात, पण गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली असेल, तर स्कॅनर लावावा लागतो. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, आणि ऑइल सीलबंद बाटलीतलंच. चारही चाकांना मिळून तासभर.

सर्व्हिस बुक काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय ते बघा. दोन वर्षं उलटली असतील, किंवा पेडल दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर घाटाचा बेत पुढच्या शनिवारवर ढकला.