आठ जणांचा वाद्यवृंद

१८ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक निकाल दिला. त्याकडे आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांचें लक्ष गेलें नाहीं, आणि तें जावें अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. निकाल होता मद्यगृहांतील गाण्याबजावण्याविषयीं. महाराष्ट्रांत ज्या मद्यगृहांना वाद्यवृंद ठेवण्याचा परवाना मिळतो, तेथें व्यासपीठावर चार स्त्रिया व चार पुरुष ह्यांहून अधिक कलावंत नसावेत, अशी परवान्याची अट होती. न्यायालयानें स्त्रीपुरुषांची ही वांटणी रद्द केली. स्त्रिया किती व पुरुष किती हें सरकारनें ठरवूं नये. एकूण संख्या मात्र आठांवर जाऊं नये, असें त्यांत म्हटलें आहे. गाणाऱ्या स्त्रियांच्या उपजीविकेवरचें एक बंधन सुटलें ही गोष्ट उत्तमच झाली. पण माझें मन घोटाळत राहिलें तें त्या आठ ह्या आंकड्यापाशीं. मैफलींत साथीला किती जण बसावेत, लग्नांत सनईवाले किती असावेत, हें आजवर गाणाऱ्याची गरज, यजमानाची ऐपत आणि ऐकणाऱ्यांची हौस ठरवीत आली. येथें तें पोलिसांच्या परवान्यानें ठरविलें.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत महामार्गाच्या कडेला आणि स्टेशनांच्या आसपास ‘ऑर्केस्ट्रा बार’ अशा पाट्या दिसतात. त्यांचें नांव काढतांच सभ्य वाचक नाक मुरडतील. मी स्वतः पुष्कळ वर्षें मुरडीत आलों आहें. परंतु इतिहास लिहूं पाहणाऱ्यास ही चैन परवडत नाहीं. शिवाय ह्या बदनाम मंडळीची वंशावळ शोधूं लागलें, तर ती एका अत्यंत प्रतिष्ठित घराच्या दारांत जाऊन थांबते.

तें घर म्हणजे मुंबईचें ताजमहाल हॉटेल. १९३५ सालीं लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझ-वृंद घेऊन तेथें आला. त्याच्यानंतर तेथें टेडी वेदरफर्ड ह्या पियानोवादकाचा अंमल चालला. तो पुढें कलकत्त्यास गेला आणि १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला. ह्या परदेशी उस्तादांच्या शेजारीं बसून ज्यांनीं ती विद्या उचलली, ते बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती होते. गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी चाल होती. त्यामुळें कागदावर लिहिलेलें संगीत डोळ्यांनीं वाचून हातानें वाजविणारा वर्ग त्या काळीं मुंबईंत मुख्यतः त्यांचाच होता. हळदोणें गांवचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतला मोहरा. त्यानें ‘चिक चॉकलेट’ असें अजब नांव धारण केलें, आणि ट्रंपेट असा वाजविला कीं लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

त्या रात्रीं ऐकावयास कोण होतें? संस्थानिक, गोरे व्यापारी, धनिक पारशी. आमच्या बाजूचा कोणी नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. तेव्हांपासून आमच्या गांवांचा आणि मुंबईचा संबंध सकाळीं जाणें व संध्याकाळीं येणें एवढाच राहिला. ज्या कारकुनास सातच्या आंत घरीं परतून दिवा लावावयाचा, त्यास मुंबईची रात्र दिसणार कशी? कल्याणासारख्या जंक्शनच्या रेल्वे-वसाहतींत अँग्लो-इंडियन व गोवेकर नोकरवर्ग आपल्यापुरता नाचे, गाई; पण रुळांच्या पलीकडच्या गांवांत त्याचा आवाज पोंचला तरी अर्थ पोंचत नसे. गांवाची करमणूक वेगळी होती. कीर्तन होतें, नाट्यपदें होतीं, आणि १९२६ सालीं स्थापन झालेला कल्याणचा गायन समाज होता, जेथें चहाहून कडक पेय कोणी मागितल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. ह्यांत आमचें नुकसान झालें असें मी म्हणत नाहीं. पण ‘आमच्यांत असलें कांहीं नव्हतें’ असें आम्ही जें अभिमानानें सांगतों, त्यांत नीतीचा भाग किती आणि गाडीच्या वेळापत्रकाचा किती, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

पुढें दारूबंदी आली. १९३९ च्या ऑगस्टांत काँग्रेस मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत केलेला पहिला प्रयोग न्यायालयांत टिकला नाहीं; १९४९ चा कायदा मात्र मुख्यतः टिकला, आणि १९५० च्या एप्रिलपासून सारें मुंबई राज्य कोरडें झालें. त्या कायद्याचा सांगाडा अद्याप उभा आहे: महाराष्ट्रांत मद्य पिणारास आजही कायद्यानें परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द त्याचीच खूण. ह्या कायद्यानें दारू किती थांबली ह्या वादांत मी शिरत नाहीं. हॉटेलांचे बँड मात्र त्यानें खिळखिळे केले. ते अगदींच बंद पडले असें नाहीं. चर्चगेटच्या बाजूच्या उपाहारगृहांत कॉफीच्या पेल्यावरही जाझ चालत राहिला. परंतु मद्याच्या विक्रीवर पंधरा-वीस माणसांचा ताफा पोसणें आतां शक्य नव्हतें. ती माणसें चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे अधिकाधिक वळलीं.

येथें आमचा संबंध येतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, ह्यांनीं चिक चॉकलेटला आपला साहाय्यक केलें. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. ताजच्या दारांत ज्याला उभें केलें नसतें, त्या डोंबिवलीच्या कारकुनानें ताजचा ट्रंपेट स्वस्त तिकिटांत ऐकला, आणि दुसऱ्या दिवशीं गाडींत तीच चाल गुणगुणत तो कचेरींत गेला. तो म्हणाला, ‘काय गाणें केलें आहे चितळकरांनीं!’ खोटें नव्हतें. पण पुरतेंही नव्हतें. चाल बांधणाऱ्याचें नांव राहिलें. ती चाल वीस-तीस वाद्यांत वांटून कागदावर लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ह्यांचीं नांवें श्रेयनामावळींत बहुधा नसतच. गोन्साल्विस ह्यांनीं १९५८ सालीं हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ एकत्र आणून सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणांत मोठा जलसा केला होता. त्यांचें नांव घरोघर झालें तें मात्र त्यांच्या शिष्यानें, प्यारेलालनें, १९७७ सालीं एका विनोदी गाण्याला तें नांव दिलें म्हणून! असो.

मी महाविद्यालयांत होतों तो काळ १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरचा. धोबीतलावाला रंगभवन नांवाचें उघडें नाट्यगृह होतें. तेथें १९७८ पासून ‘जाझ यात्रा’ आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इंग्रजी रॉक-वृंदांचा मेळा भरूं लागला. मित्राच्या आग्रहानें मी एकदां गेलों. पहिला अर्धा तास केवळ डोकें दुखलें. मग काय झालें तें सांगतां येत नाहीं; भजनाच्या शेवटीं टाळांची लय चढूं लागली कीं छातींत जें होतें, तसें कांहीं झालें. घरीं अर्थातच ‘अभ्यासमंडळ’ सांगून निघालों होतों. परततांना धांवत पळत मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जत गाडी गांठली. त्या गाडीची वस्ती दिवसाच्या गाडीहून निराळी असते. हॉटेलांतले पोरे, छापखान्यांतले कामगार, झोपलेला एखादा हवालदार. माझ्यासमोर एक वयस्क गृहस्थ मांडीवर वाद्याची काळी पेटी घेऊन बसले होते. मीं विचारलें, ‘काय वाजवतां?’

‘ट्रंपेट. लग्नांत वाजवतों. पिक्चरमध्यें वाजवलंय. आधीं हॉटेलांत होतों.’

कोणकोणत्या चित्रपटांत, असें विचारतां त्यांनीं पांच-सात नांवें घेतलीं. सगळीं मला पाठ असलेलीं गाणीं. मग मीं त्यांचें नांव विचारलें, तेव्हां ते हंसले. ‘नांव कशाला पाहिजे, बाबा? कुठें छापलेलं नाहीं.’ डोंबिवली आली आणि मी उतरलों; ते पुढें कल्याणास गेले.

रंगभवनही पुढें मुकें झालें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला, आणि रुग्णालयें, शाळा, न्यायालयें ह्यांभोंवतीं शंभर मीटरचें शांतता-क्षेत्र आंखलें. रंगभवनाच्या शेजारीं रुग्णालयें आहेत. रोग्याला झोप मिळावी हें योग्यच. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु नियमानें बंद खोलीला सवलत दिली आणि उघड्या मैदानाला दिली नाहीं; आणि बंद खोलीला भाडें असतें. तें भाडें पुन्हां पेल्यांतूनच वसूल व्हावयाचें. २००७ च्या डिसेंबरांत लोअर परळला मथुरादास गिरणीच्या आवारांत ‘ब्लू फ्रॉग’ उघडलें. आमच्याकडच्या किती घरांतल्या आजोबांनीं परळच्या गिरण्यांत साचे चालविले, त्यांच्या नातवांनीं त्याच परळांत जाऊन गिटार ऐकली. २०१६ सालीं तेंही बंद झालें. डोंबिवलीनें ह्यावर आपल्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला आहे: येथील तरुण दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमतात. रात्रीं दहानंतर बंदी आहे, पहाटे सहानंतर नाहीं!

तेव्हां ऑर्केस्ट्रा बारकडे वळूं. २००५ च्या ऑगस्टांत मुंबई पोलीस कायद्यांत दुरुस्ती होऊन मद्यगृहांतील नाच बंद झाले. तीन तारे व त्यांवरच्या हॉटेलांस मात्र त्यांतून सूट होती. जी गोष्ट महाग ठिकाणीं संस्कृति, तीच स्वस्त ठिकाणीं अनीति कशी, हा प्रश्न न्यायालयानेंही विचारला. २००६ सालीं उच्च न्यायालयानें बंदी रद्द केली, २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला, सरकारनें पुन्हां कायदे केले, २०१९ सालीं न्यायालयानें पुन्हां त्यांतील अटी सैल केल्या. ह्या ओढाताणींत नाचाऐवजीं गाण्याचा परवाना हीच पुष्कळांची वाट झाली. काल नाचणारी आज गायिका म्हणून उभी राहिली. कोणाला गळा होता, कोणाला नव्हता. तेथें सर्व कांहीं शुद्ध चालतें असें म्हणण्याइतका मी भोळा नाहीं. पण ठाणें जिल्ह्यांत जिवंत वाद्य वाजवून रोज रात्रीं पैसे मिळविण्याची जीं थोडीं ठिकाणें आहेत, त्यांत हीं आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी कल्याणजवळ अशा एका ठिकाणीं की-बोर्ड वाजवितो. परीक्षेंत तो बेतास बात होता. गेल्या वर्षीं त्यानें आग्रह केला, आणि ह्या वयांत मी तेथें जाऊन लिंबूसरबत घेऊन बसलों. व्यासपीठ लहान, त्यावर आठ माणसें बसूं शकलीं असतीं, पण होतीं चारच. दोन गायिका, एक ऑक्टोपॅडवाला आणि हा. ‘बाकीचे चार कोठें?’ असें मीं मध्यंतरांत विचारलें. त्यानें की-बोर्डवर थाप मारली. ‘सगळे ह्यांत आहेत, सर. बासरी, व्हायोलिन, ढोलक. मालक कशाला पगार देईल?’ सरकारनें आठांची मर्यादा घातली, आणि यंत्रानें ती निम्म्यावर आणून ठेवली आहे.

मध्यंतरानंतर कोपऱ्यांतल्या एका म्हाताऱ्यानें चिठ्ठी पाठविली. ‘अलबेला’तलें गाणें हवें होतें. गायिकेला शब्द अर्धेच येत होते. तिनें ते फोनवर काढले. माझ्या विद्यार्थ्यानें एक बटण दाबलें आणि ट्रंपेट वाजूं लागला. धातूचा तो कांठ नव्हता, श्वास तर नव्हताच. पण चाल सगळी होती, एकही जागा चुकली नाहीं. म्हातारा बोटांनीं टेबलावर ताल धरून बसला होता.

कार्यक्रम संपला तेव्हां शेवटची गाडी केव्हांच गेली होती. की-बोर्ड कापडी पिशवींत घालतां घालतां तो म्हणाला, ‘तो पीस कोणी वाजवलाय, सर? लहानपणापासून ऐकतोय.’ मीं सांगितलें. त्यानें फोन काढला, आणि नांव टिपून घेण्यासाठीं मला तें पुन्हां सावकाश सांगावयास लावलें.