ग्रीनलंडची नौकाविद्या

ज्या देशांत नाव बांधण्याजोगें झाड उगवत नाहीं, त्या देशानें जगांतील अत्यंत चपळ अशी होडी निर्माण केली, ही गोष्ट प्रथम ऐकणाराला खरी वाटत नाहीं. ग्रीनलंड हें जगांतील सर्वांत मोठें बेट. त्याचा सुमारें चार पंचमांश भाग बर्फाखालीं दडलेला, आणि मनुष्यवस्ती काय ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर. तेथील इनुइट लोकांचें, म्हणजे जुन्या पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत त्यांचें, सारें जीवन शेकडों वर्षें मुख्यतः सील नांवाच्या एका जलचरावर अवलंबून होतें. अन्न त्याच्या मांसाचें, वस्त्र त्याच्या कातड्याचें, दिव्यांतील तेल त्याच्या चरबीचें. आणि हा प्राणी मारावयाचा तर समुद्रावर गेलें पाहिजे. सैबेरियाच्या नद्यांतून समुद्रांत आलेलीं लांकडें प्रवाहाबरोबर वाहत वाहत या किनाऱ्याला लागत. तीं वेंचून, तासून, कातड्याच्या वाद्यांनीं बांधून पुरुष सांगाडा तयार करीत; बायका त्यावर सीलचें कातडें इतक्या घट्ट टांक्यांनीं शिवीत कीं, पाण्याचा थेंबहि आंत शिरूं नये. हीच ती कयाक.

कोंकणच्या किनाऱ्यावरील होडींत चार माणसें बसतात, जाळें मावतें, आणि ती होडी बापाकडून मुलाकडे जाते. कयाकचें तसें नाहीं. शिंप्यानें अंगरखा बेतावा तशी ती एकाच माणसाच्या मापानें बेतलेली असे. लांबी त्याच्या उंचीच्या सुमारें तिप्पट, रुंदी त्याच्या कमरेहून दोन मुठी अधिक, असा साधारण हिशेब. वरून ती सर्व बाजूंनीं बंद. मध्यें बसण्यापुरतें एक भोंक. त्यांत पाय लांब करून बसल्यावर नावाडी अंगांतील कातडी डगला त्या भोंकाच्या कडेला आवळून टाकी. मनगटापाशीं आणि तोंडाभोंवतींहि तो डगला आवळलेला असे. मग लाट वरून गेली तरी आंत पाणी येत नसे. परंतु या सोयीची दुसरी बाजू अशी कीं, होडी उलटली तर माणूस तिच्याबरोबर उलटे. डोकें खालीं, पाय वर, आणि भोंवतीं बर्फासारखें थंड पाणी. पोहणें या लोकांना सहसा येत नसे, आणि आलें असतें तरी त्या पाण्यांत त्याचा उपयोग घटकाभरहि झाला नसता. वांचण्याचा मार्ग एकच. होडीसकट पुन्हां वर येणें.

मुलाचें शिक्षण पाण्यावर जाण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होई. दोन टोंकांना कातड्याच्या दोऱ्या ताणून बांधीत आणि त्यांवर लटकून, बसून, उलटसुलट फिरून मुलें खेळत. बाहेरच्या माणसाला ती नुसती कसरत वाटे. पण होडींत बसल्यावर कमरेनें तोल सांभाळण्याची जी संवय लागते तिचा पाया या खेळांतच घातला जाई. मूल आठ-दहा वर्षांचें झालें कीं, बाप त्याच्या मापाची लहान कयाक करून देई. पहिला धडा वल्हें मारण्याचा नसे. तो निव्वळ बसण्याचा असे. कयाकचा तळ अरुंद, तींत वजन म्हणून कांहीं नाहीं. नवशिका मनुष्य नुसता खोकला तरी ती डगमगते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत कोणीतरी टोंक धरून उभें राही आणि मुलगा अंग डावीकडे, उजवीकडे झुकवून पाही. मग वल्हें हातीं येई. ग्रीनलंडचें वल्हें दोन्ही टोंकांना पातें असलेलें, आणि तीं पातीं अगदीं अरुंद, हाताच्या पकडींत मावतील एवढीं. हें वल्हें पाण्यावर आडवें टेंकून हलवीत राहिलें कीं, भिंतीला हात टेंकावा तसा त्यावर भार देतां येतो. येथपर्यंत शिकलेला मुलगा किनाऱ्याजवळच्या पांखरांवर भाला फेंकूं लागे. पुढें बापाच्या होडीमागून खाडींत, आणि मग केव्हांतरी उघड्या समुद्रावर. ज्या दिवशीं तो पहिला सील मारून आणी, त्या दिवशीं त्या सीलचें मांस वस्तींतील घरोघर वाटलें जाई. त्या दिवसापासून त्याची गणना पुरुषांत होऊं लागे.

ही शिकार म्हणजेच या विद्येची खरी परीक्षा होती. भाल्याचें टोंक सुटें असे व त्याला लांब दोरी बांधलेली असे. ती दोरी नावाड्यापुढें एका लहान चौकटीवर वेटोळें करून ठेवीत. तिचें दुसरें टोंक पाठीमागें ठेवलेल्या फुगविलेल्या कातड्याला बांधलेलें. भाला लागला कीं, घायाळ सील खालीं बुडी मारी आणि दोरी सरसर धांवूं लागे. तेवढ्या क्षणांत हातांतील फेंकण्याची फळी सांभाळावयाची, वल्हें धरावयाचें आणि फुगा पाण्यांत लोटून द्यावयाचा. दोरीचा एक फेरा हातांत किंवा वल्ह्यांत अडकला कीं, नाव उलटलीच. उलटण्याची वेळ या माणसांवर बहुधा वादळापेक्षां अशा गडबडींतच येई, आणि तेव्हां वल्हें हातीं असेलच असें नसे. म्हणून वर येण्याची एकच युक्ति पुरेशी नव्हती.

हान्स एगेडे हा धर्मोपदेशक १७२१ सालीं ग्रीनलंडांत आला, आणि त्यानंतर युरोपियनांचें तेथें कायमचें वास्तव्य सुरू झालें. डाविड क्रान्त्स या मोरावियन पंथाच्या लेखकानें तेथें एक वर्ष राहून १७६५ सालीं ग्रीनलंडचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत कयाकवाल्यांच्या अभ्यासाचे दहा प्रकार त्यानें क्रमानें सांगितले आहेत. आरंभ अंग पाण्यावर आडवें टाकून, वल्ह्याच्या आधारानें पुन्हां उठण्यापासून. नंतर पुरतें उलटून वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानें वर येणें. नंतर वल्हें वाद्यांत अडकलें आहे अशी कल्पना करून तसेंच वर येणें. मग तें पाठीमागें धरून. आणि शेवटीं वल्हें गेलेंच तर नुसत्या फळीनें किंवा रिकाम्या हातानें. शाळेंतील क्रमिक पुस्तकाला लाजवील अशी ही मांडणी आहे. विशेष हें कीं, प्रत्येक पायरी एकेका खऱ्या संकटाची नक्कल आहे; शोभेसाठीं असा एकहि प्रकार त्यांत नाहीं. परंतु ही विद्या सर्वांना सारखीच साधलेली होती अशी मात्र कोणीं समजूत करून घेऊं नये. पुष्कळांना उलटल्यावर वर येतां येत नसे. बुडालेल्या नावाड्याच्या घरीं चूल पेटविणारा दुसरा कोणी नसला म्हणजे बायकामुलांचा भार वस्तीवर पडे, आणि अशीं घरें थोडीं नव्हतीं.

शिवाय एक संकट असें होतें कीं, त्यावर वल्ह्याची कोणतीच युक्ति चालत नसे. समुद्र आरशासारखा शांत, सूर्य समोर, क्षितिज दिसेनासें झालेलें. अशा वेळीं सील वर येण्याची वाट पाहत निश्चल बसलेल्या नावाड्याला एकाएकीं भोंवळ येई. होडींत पाणी भरत आहे, तळ थंड पडत आहे, होडीचें टोंक वांकडें होत आहे असे भास होत आणि हातपाय हलेनासे होत. वाऱ्याची झुळूक येऊन पाणी हललें, किंवा सोबत्यानें आपली होडी शेजारीं आणून लावली, म्हणजे भूल उतरे. पश्चिम किनाऱ्यावर हा विकार इतका पसरला होता कीं, डॅनिश वैद्यांनीं त्याचा मुद्दाम अभ्यास केला. कोणीं तंबाखूला दोष दिला, कोणीं कॉफीला. अनेक चांगल्या शिकाऱ्यांनीं या भीतीपायीं समुद्र कायमचा सोडला. धैर्याची ही उणीव नव्हती. ज्यांनीं वादळें पाहिलीं होतीं तींच माणसें शांत समुद्राला भीत.

नॉर्वेचा प्रसिद्ध संशोधक फ्रित्योफ नान्सेन १८८८ सालीं ग्रीनलंडचा बर्फ ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि परत जाणारें जहाज चुकल्यामुळें त्याला आजच्या नूक गांवीं हिंवाळा काढावा लागला. जहाज चुकलें हें बरेंच झालें. त्या मुक्कामांत तो कयाक चालविण्यास शिकला आणि पुढें त्यानें या लोकांच्या जीवनावर पुस्तक लिहिलें. ज्याला उलटून वर येतां येत नाहीं तो पुरा कयाकवाला नव्हे, असा त्याचा अभिप्राय आहे. एका नावाड्यानें मुठींत धोंडा धरून होडी उलटविली आणि धोंडा न टाकतां तो वर आला, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. अशीं वर्णनें वाचूनच पावलाटा नांवाच्या ऑस्ट्रियन गृहस्थानें १९२७ सालीं आपल्या देशांतील वायसेनझे सरोवरांत ही कला साध्य केली. गुरूवांचून, केवळ पुस्तकावरून पाण्याखालची विद्या शिकणारे थोडेच.

जीनो वॉटकिन्स या इंग्रज तरुणाला मात्र गुरु लाभले. १९३० सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, चौदा जणांच्या मोहिमेचा नायक म्हणून तो पूर्व ग्रीनलंडांत गेला. विमानमार्गासाठीं हवामान व भूमि पाहणें हें मोहिमेचें काम. परंतु त्यानें व त्याच्या कांहीं सोबत्यांनीं तेथील शिकाऱ्यांकडून आपापल्या मापाच्या कयाक करवून घेतल्या आणि त्यांच्याच हाताखालीं शिकावयास बसले. वॉटकिन्स उलटून वर येण्याचे प्रकार शिकला, सीलची शिकार शिकला, आणि त्याला या गोष्टींची गोडी लागली. १९३२ सालीं तो पुन्हां गेला. या वेळीं चौघेच. पैसा थोडा, म्हणून अन्न बहुतांशीं शिकारीवर मिळवावयाचें ठरलें, आणि मुख्य शिकारी तोच. २० ऑगस्टच्या सकाळीं तो एकटाच कयाक घेऊन खाडींत गेला. त्याच दिवशीं सोबत्यांना त्याची कयाक पाण्यानें भरलेली, तरंगतांना दिसली. जवळच एका हिमखंडावर त्याची विजार व कमरेचा पट्टा पडलेला होता. देह मिळाला नाहीं. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

त्या खाडींत हिमनदी उतरते आणि तिचे कडे कोसळले कीं मोठी लाट उठते. तशी लाट आली असावी, किंवा तो हिमखंडावर उतरला असतां होडी वाहून गेली असावी, असे तर्क झाले. निश्चित एवढेंच कीं, त्या वेळीं त्याच्याजवळ दुसरी होडी नव्हती. सोबत्याच्या होडीला धरून वर येणें, दोन होड्या वल्ह्यांनीं जोडून घायाळ माणसाला मध्यें घेणें, हीं साधनें ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना ठाऊक होतीं, आणि शक्यतों ते जोडीनें जात. दहा प्रकारांच्या यादींत मात्र हा धडा ठळकपणें दिसत नाहीं. पुढें ब्रिटनमध्यें कयाक शिकणाऱ्यांसाठीं एक ते पांच ताऱ्यांच्या परीक्षा पुष्कळ वर्षें होत्या, त्यांत ही उणीव भरून काढलेली दिसते. पहिल्या ताऱ्याला शांत पाणी. समुद्रावरील चौथ्या ताऱ्याला चार क्रमांकाच्या वाऱ्यांत इतरांना संभाळून नेण्याची पात्रता लागे.

खुद्द ग्रीनलंडांत विसाव्या शतकांत समुद्राचें पाणी ऊबदार झालें, कॉड मासा वाढला, सील कमी झाले, यंत्राच्या होड्या आल्या. दोन पिढ्यांत कयाक बहुतेक भागांतून नाहींशी झाली. वर येण्याच्या युक्त्या बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्यांच्या अंगांत उरल्या. १९८० नंतरच्या दशकांत तेथील तरुणांनीं एक राष्ट्रीय मंडळ काढलें आणि म्हाताऱ्यांना पुन्हां पाण्यांत बसविलें. आतां दरवर्षीं स्पर्धा होतात. लांब पल्ल्याची शर्यत असते, भालाफेंक असते, दोरीवरचे जुने खेळ असतात, आणि उलटून वर येण्याचे तिसांहून अधिक प्रकार, प्रत्येकाला ठराविक गुण. स्त्रियाहि त्यांत उतरतात. वल्हें टाकून कोपरानें, मुठीनें, हात छातीशीं बांधून वर यावयाचें असतें. आणि एका प्रकारांत स्पर्धक हातांत वीट घेऊन होडी उलटवितो व विटेसकट वर येतो.