बोटावरचा थेंब आणि एक अभियंता

१/ रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी अभियंत्यास वयाच्या १२व्या वर्षी मधुमेह जडला. पस्तिशीपर्यंत मूत्रपिंडेही बिघडू लागली. त्या काळी रुग्ण घरी लघवी तपासत. तीतून कळे ती काही तासांपूर्वीची स्थिती.

२/ रक्तशर्करा मोजणारे एम्स कंपनीचे यंत्र फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना मिळे. किंमत ६५० डॉलर. १९६९मध्ये बर्नस्टाइन यांनी ते डॉक्टर पत्नीच्या नावे मागवले.

३/ मग दिवसातून सुमारे ५ वेळा मोजणी सुरू झाली. आकडा पाहून ते आहारात वा इन्सुलिनच्या मात्रेत लहानसा बदल करीत. परिणाम पुढच्या आकड्यात दिसे. त्यांचे सातत्य यातूनच टिकले: प्रत्येक आकडा पुढची कृती सुचवीत असे.

४/ वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन नाकारले. तेव्हा पंचेचाळिशीत ते स्वतःच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

५/ १९९३मध्ये १,४४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. दिवसातून किमान ४ वेळा मोजून इन्सुलिन ठरवणाऱ्या गटात दृष्टिपटलाचा विकार नव्याने जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता.

६/ नुसती नोंदवहीत उतरवलेली साखर लवकरच ओझे होते. जिच्यावरून पुढचा घास वा पुढची मात्रा ठरते, ती मोजावीशी वाटते.