सही करणारा डॉक्टर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे जुने विधिमंडळ-भवन १८९७ च्या फेब्रुवारीत जळून खाक झाले. नवे भवन ४ ऑक्टोबर १९०६ रोजी उघडले, तेव्हा समारंभाला खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हॅरिसबर्गला आले आणि इमारत पाहून खूष झाले. व्हावेच! केवढा तो घुमट, केवढा तो जिना, काय ती भित्तिचित्रे! इमारतीसाठी कायद्याने ४० लाख डॉलर मंजूर केले होते आणि तेवढ्यात काम भागले, अशी सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाची बढाई होती.

ती खोटीही नव्हती. मात्र भिंतींच्या आत जे मांडले, टांगले आणि जडवले, त्याचा हिशेब निराळ्या वहीत होता. दोन्ही मिळून आकडा गेला जवळजवळ १ कोटी ३० लाखांवर.

ही दुसरी वही ज्यांच्या सहीने चालत होती, त्यांत डॉ. विल्यम प्रेस्टन स्नायडर हे एक. पेशाने वैद्य, पुढे राज्याच्या सिनेटचे सभासद, आणि १९०४ पासून ऑडिटर जनरल. सरकारी इमारतींच्या सामानाची खरेदी तेथे एका मंडळाकडे असे. त्यात गव्हर्नर, खजिनदार आणि ऑडिटर जनरल असे तिघे. म्हणजे माल मागवणाऱ्यांत स्नायडर, आणि त्या मालाचे बिल तपासणारेही स्नायडरच! कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो. येथे तर कुंपणाला शेताचा सातबारा आधीच लिहून दिला होता.

सँडरसन नावाच्या ठेकेदाराला दर दिले तेही अजब. झुंबरे वजनावर, पौंडाला ४.८५ डॉलर. वजनावर पैसे मिळणार म्हटल्यावर झुंबर हलके करण्यात त्याला काय स्वारस्य? लाकूडसामान फुटावर, फुटाला १८.४० डॉलर. बूटपॉलिशसाठी एक बैठक बनवली, तिचे बिल झाले १,६१९ डॉलर २० सेंट. शाळेतला मुलगाही हा भागाकार करून सांगेल, की माप ८८ फूट भरले. बूट पुसण्याच्या बैठकीत ८८ फूट आले कोठून, हे विचारण्याचे काम ज्याचे, त्याने सही केली. त्या बैठकीची खरी किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती.

प्रश्न विचारला तो विल्यम बेरी यांनी. हे डेमोक्रॅट गृहस्थ १९०५ च्या निवडणुकीत अनपेक्षितपणे खजिनदार झाले. चेस्टर शहराचे मेयर, शिवाय चर्चमध्ये प्रवचनेही करीत. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी मुकाट्याने सह्या करण्याऐवजी बिले वाचली, एवढाच काय तो त्यांचा पराक्रम. छपरावरच्या झेंड्याच्या काठीला ८५० डॉलर पडलेले पाहून, ही दीडशेची वस्तू, असे ते म्हणाले.

पुढे चौकशी झाली, आणि १९०८ मध्ये स्नायडर, माजी खजिनदार मॅथ्यूज, इमारतींचे अधीक्षक शूमेकर व सँडरसन हे चौघे दोषी ठरले. दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. मॅथ्यूज आणि सँडरसन यांना तुरुंगाआधी मृत्यूने गाठले. स्नायडर आणि शूमेकर मात्र फिलाडेल्फियाच्या तुरुंगात गेले. वास्तुशिल्पी जोसेफ ह्यूस्टन यांनाही १९१० मध्ये दोषी ठरवण्यात आले. गव्हर्नर पेनिपॅकर यांच्यावर खटला झाला नाही. त्यांनी उलट १९११ मध्ये इमारतीची बाजू मांडणारे पुस्तकच काढले. त्यांच्या मते बदनामी झाली ती एका सुंदर वास्तूची. हा माणूस पैसा खाणारा नव्हता असे मला वाटते. पण स्वतःच्या मंडळात काय चालले आहे हे न पाहणे हा काय लहानसा दोष?

आणि बेरी? १९१० मध्ये ते गव्हर्नरपदासाठी नव्या पक्षातर्फे उभे राहिले आणि हरले, तेही थोडक्या मतांनी.

स्नायडर १९२० मध्ये वारले. भवन उभेच आहे. २००६ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. लोक कौतुकाने पाहायला येतात, आणि डोक्यावर ती पौंडावर तोललेली झुंबरे अजून लखलखत असतात.