फूटचं फीट, आणि आजीचं 'आपण'



परवा लेकीच्या इंग्रजीच्या वहीत 'फूट्स' आणि 'चाइल्ड्स' या दोन शब्दांवर लाल रेघ होती. "आई, अनेकवचनाला एस लावायचा असंच शिकवलंय ना?" तुमच्याकडेही पोरं जर्मन शाळेत इंग्रजी शिकत असतील, तर हा प्रश्न कधीतरी येणारच. गंमत म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडात रोज असतं.

जर्मनमध्ये फूस-फ्यूसे, इंग्रजीत फूट-फीट. तिकडे मान-मेनर, इकडे मॅन-मेन. दोन्ही भाषांचं मूळ एकच. फार पूर्वी अशा शब्दांच्या अनेकवचनाच्या शेवटी 'इ' असायचा. तो उच्चारायला जीभ आधीच तयार व्हायची आणि मधला स्वर बदलायचा. पुढे इंग्रजीत शेवटचा 'इ' गळून गेला, बदललेला स्वर तेवढा उरला. 'उमलाउट' हे या बदलाचं नाव व्याकरणात रुजवलं ते याकोब ग्रिमने. हो, तोच परीकथावाला! त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड 1819 सालचा.

'चिल्ड्रन' तर अजून मजेशीर. जर्मन 'किंडर'मधला शेवटचा 'र' जुन्या इंग्रजीतही होता. पुढे तेवढ्याने अनेकवचन वाटेना, म्हणून लोकांनी वर 'न'ही लावला, 'ऑक्सन'मधला. म्हणजे एका शब्दाला दोनदा अनेकवचन! आणि 'बुक'चं जुनं अनेकवचन 'बेच' होतं. एसच्या लाटेत ते वाहून गेलं, फीट आणि मेन वाचले. रोजच्या वापरातले शब्द असे टिकून राहतात.

लेकीला हे लगेच पटलं. सर्वनामांचंही बरंचसं जमतं. मोठ्यांना एकट्यालाही 'तुम्ही' म्हणायचं हे जर्मन 'झी'मुळे कळतं. इंग्रजांचं 'यू' हेसुद्धा मुळात अनेकवचनच. मान देता देता ते सगळ्यांनाच लागू झालं आणि 'दाउ' मागे पडलं.

अडतं ते एकाच ठिकाणी. इंग्रजी 'वी' आणि जर्मन 'वीर' यांना मराठीत दोन शब्द आहेत: ऐकणारा सोडून 'आम्ही', ऐकणाऱ्यासकट 'आपण'. संस्कृतात हा भेद नव्हता, हिंदीतही एका 'हम'वर भागतं. गुजरातीत आहे (अमे, आपणे), तेलुगूतही आहे. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो आपल्याकडे आला, असं बरेच अभ्यासक मानतात. 'आपण' हा शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'पासूनचा. इथल्या शाळेतून पोरांना हा भेद मिळणार नाही. तो घरीच मिळायचा.

गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर लेक पुण्याच्या आजीला म्हणाली, "आजी, आपण इटलीला जाणार!" आजीचा चेहरा असा खुलला! "अगं, मग माझ्या व्हिसाचं काय?" मी पटकन म्हटलं, "आई, तिला 'आम्ही' म्हणायचं होतं." त्या हसल्या खऱ्या, पण लगेच विषय बदलला. लेकीला काय बिघडलं ते कळलंच नाही. तिच्या डोक्यात 'वीर' होतं.

तेव्हापासून जेवताना ती 'आपण' म्हणाली की मी विचारते, "आपण म्हणजे कोणकोण? मीपण?" सुरुवातीला वैतागायची. आता स्वतःच थांबते, मोजते.

रविवारी फोनवर आजीला सांगत होती, "आम्ही डिसेंबरमध्ये येतोय. मग आपण सिंहगडावर जाऊ."