खुडूक, रवण आणि मानमोडी

हवेली तालुक्यातील हडपसर हे गाव मुठेच्या उजव्या कालव्यावर पिकणाऱ्या भाजीपाल्यासाठी दीर्घकाळ विख्यात होते. परंतु मळ्यातल्या वस्तीवर चार-सहा कोंबड्या बाळगण्याचा जो गृहोद्योग देशावर सर्वत्र चाले, त्याची नोंद सरकारी दप्तरापेक्षा बायकांच्या बोलण्यातच अधिक निगुतीने राहिली. अद्याप अंड्यावर न आलेली ती तलंग. अंडी घालणे थांबवून, पिसे फुलवून, जवळ येणाऱ्या हातावर चोच उगारीत एके जागी ठाण मांडणारी ती खुडूक. तिला टोपलीत अंड्यांवर बसविले की ती रवणीला बसली, आणि एकविसाव्या दिवशी पिले निघाली की घारीच्या भयाने त्यांवर डालगे पालथे पडे.

ही शब्दसंपदा इंग्रजीच्या आक्रमणाने लोपली असे म्हणणे सोपे आहे, पण ते यथार्थ नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापिलेल्या आणि पुढे पुण्यास मुख्यालय थाटलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी जी कोंबडी सर्वदूर पोहोचविली, ती मुळी खुडूक होतच नाही. कारण खुडूक कोंबडी कित्येक आठवडे अंडे देत नाही, आणि हा तोटा टाळण्यासाठी लेगहॉर्नच्या वंशातून तो स्वभावच निवडीने काढून टाकण्यात आला. रवण यंत्राकडे गेली. ज्या अवस्थेला नाव हवे होते ती अवस्थाच उरली नाही.

मानमोडी मात्र टिकली. कोंबड्यांच्या राणीखेत रोगात मान पिळवटते, म्हणून शेतकरी त्यास मानमोडी म्हणतो. आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसे पटापट मेली, तेव्हा त्या तापासही महाराष्ट्राने हेच नाव दिले. वैद्यकाच्या दृष्टीने हे दोन विषाणू निराळे खरे, तरी लोकांनी माणसाला आणि कोंबडीला एकाच सदरात बसविले, यात मला अडाणीपणा दिसत नाही.

त्या इन्फ्लुएन्झाचाच एक वंशज २००९ साली पुण्यात उतरला. हडपसरला १९६६ पासून चालत आलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढील वर्षी त्यावर नाकात फवारण्याची लस काढली, आणि तिच्यासाठी विषाणू वाढविला तो कोंबडीच्या निर्जंतुक, फलित अंड्यांत. अंडी यंत्रात उबवायची, आतील गर्भ पुरेसा वाढला की कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून विषाणू सोडायचा, आणि पिलू निघण्याच्या कितीतरी आधीच आतला द्रव काढून घ्यायचा, असा हा क्रम. त्या अंड्यांना एकविसावा दिवस नसतो.