प्रवृत्ती, निवड आणि जबाबदारी

बीड जिल्ह्यात माजलगाव येथे नोकरीस असलेल्या, व स्त्री-शिपाई म्हणून भरती झालेल्या एका व्यक्तीने २०१७ साली वरिष्ठांकडे अर्ज केला की, लिंगपरिवर्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आपणांस रजा मिळावी आणि पुढे पुरुष-शिपाई म्हणून नोकरीत राहू द्यावे. खात्याने नकार दिला. कारण स्त्रीपुरुषांच्या भरतीचे उंची इत्यादींचे नियम निराळे पडतात. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. हा सेवेचा प्रश्न असल्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे, असे तेथे सांगण्यात आले. अखेर २०१८ साली शासनाची परवानगी मिळाली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तीच व्यक्ती पुरुष-शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाली. तिचे नाव त्या वेळी वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले होते. आम्हांस येथे त्याचे प्रयोजन नाही.

आपण स्त्री आहोत की पुरुष, ही जाणीव एक. आणि आपले मन स्त्रीकडे ओढ घेते की पुरुषाकडे, ही गोष्ट निराळी. या दोहोंची गल्लत करू नये. तथापि दोन्हींविषयी समाज प्रश्न मात्र एकच विचारतो : हे जन्माचे आहे, की मनाने पत्करलेले? जन्माचे असल्यास कीव करावयाची आणि पत्करलेले असल्यास दोष द्यावयाचा, असा हा सोपा हिशेब आहे. आमच्या मते हा हिशेबच मुळात चुकला आहे, आणि तो कसा चुकला हे इतिहासाच्या साक्षीने पाहणे इष्ट होईल.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायासनापुढे आला तो १९३४ साली. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ चिरंजीव. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकपदास ते मुकले होते. १९२७ च्या जुलैपासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मुंबईहून चालवीत. त्यात वाचक आपल्या खासगी अडचणी लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांस आडपडदा न ठेवता उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३१ साली एकदा त्यांना शिक्षा झालेलीच होती. या वेळी त्यांच्या बचावास बॅरिस्टर भीमराव आंबेडकर उभे राहिले.

आंबेडकरांनी केलेल्या बचावात दोन धागे स्पष्ट दिसतात. एक असा की, विषय लैंगिक आहे एवढ्याने लेख अश्लील ठरत नाही. लोक अज्ञानाने गांजले आहेत, ते विचारतात, म्हणून जाणत्याने उत्तर द्यावयाचे. दुसरा असा की, हॅवलॉक एलिससारख्या पंडिताने ही प्रवृत्ती काही मनुष्यांत स्वाभाविक असते असे दाखविले आहे. तेव्हा अशा मनुष्याने आपल्या परीने सुख शोधल्यास त्यात गैर काय? खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, तो त्यांनी सोसला, आणि मासिक पुढे १९५३ साली त्यांचा अंत होईपर्यंत चालविले.

यांतील दुसरा धागा, म्हणजे प्रवृत्ती स्वाभाविक असल्याचा, एकटा किती भार सोसू शकतो हे पाहण्यास जर्मनीकडे वळले पाहिजे. कारण तो तेथेच प्रथम पक्का विणला गेला. कार्ल उलरिक्स या कायदेपंडिताने १८६४ पासून पुस्तिका लिहून ही प्रवृत्ती उपजत असल्याचे प्रतिपादन केले. डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ साली तेच मत घेऊन शिक्षेचे कलम रद्द व्हावे म्हणून चळवळ आरंभिली, आणि १९१९ साली बर्लिनमध्ये या विषयाची संशोधनसंस्था काढली. शास्त्राने सत्य सिद्ध केले की न्याय आपोआप येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ६ मे १९३३ रोजी नाझी तरुणांनी ती संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिच्यातील ग्रंथ जाळले. मुंबईत कर्व्यांचा खटला चालला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. जे राज्य माणसाच्या रक्तातच दोष पाहत होते, त्यास ‘हे जन्मजात आहे’ हे सांगून काय उपयोग होणार? जन्माच्या आधाराने क्षमा मागता येते, तशी जन्माच्याच आधाराने शिक्षाही देता येते. आपल्या देशात ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. अस्पृश्यता जन्माचीच होती. म्हणून तिच्याविषयी कोणास दया आली होती काय?

आंबेडकरांस हे पुरते ठाऊक होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी जी घोषणा केली तिचा आशय असा की, हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही हे आपल्या हाती आहे. एकाच वाक्यात न निवडलेली गोष्ट आणि निवडलेली गोष्ट शेजारी शेजारी उभ्या आहेत. पुढे आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात जात आणि धर्म या दोहोंच्या कारणाने भेदभाव करण्यास राज्याला मनाई झाली. जात निवडता येत नाही, धर्म बदलता येतो. तरी संरक्षण दोहोंस सारखे. अर्थात माणसाचा मान राखण्यापूर्वी ‘तू हे निवडलेस की नाही’ असे विचारण्याचा अधिकार संविधानाने कोणासही दिलेला नाही.

शास्त्र आज काय म्हणते, तेही सांगितले पाहिजे. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या आनुवंशिकतेची तपासणी प्रसिद्ध झाली. समलिंगी ओढ ठरविणारा असा एकच जनुक नाही. लहान लहान अनेक प्रभाव आहेत आणि तेही अंशतःच, असे तीत आढळले. कारणाचा निर्णय लागलेला नाही. मात्र बहुतेकांस आपण ही ओढ निवडली असे वाटत नाही, आणि उपचाराने ती पालटता येते यास पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तिला रोगांच्या यादीतून काढले. भारतातही अशी ‘दुरुस्ती’ करू पाहणे हे २०२२ पासून वैद्यकाच्या धंद्यातील गैरवर्तन ठरले आहे.

कायद्याची वाट अधिक लांबली. कर्व्यांच्या खटल्याच्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते व तेथील दंडसंहिता निराळी होती. भारतीय दंडसंहिता, आणि तिच्यातील ३७७ वे कलम, तेथे लागू झाले ते हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर, १९५१ साली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्या कलमातून सोडविले. माजलगावच्या शिपायास परवानगी मिळाली तेही हेच वर्ष. २०२३ साली मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले.

मग जबाबदारी कोठे उरते? जबाबदारी ओढीची नसते, वर्तनाची असते; आणि ती सर्वांस सारखीच आहे. समोरचे माणूस सज्ञान आहे काय, त्याची संमती आहे काय, आपण त्यास फसवीत तर नाही ना, हे प्रश्न स्त्रीवर प्रेम करणाऱ्या पुरुषास जितके लागू, तितकेच पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषासही लागू. यांतील सर्वांत अवघड प्रश्न लग्नाचा. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. तेथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल मिळते ती या हिशेबाने, आणि एकटा माणूस अर्धा कोयता ठरतो. जेथे लग्न हे पोटाचेही साधन आहे, तेथे ‘मला लग्न नको’ असे म्हणणारा मुलगा वा मुलगी घराचा अर्धा रोजगारच नाकारते. अशा घरातील मुलाने गप्प राहून बोहल्यावर उभे राहावे, आणि परक्या घरातून आलेल्या मुलीने जन्मभर आपला काय अपराध झाला हे शोधीत बसावे, यात निवड कोणी केली? ओढ त्या मुलाने निवडली नाही. लग्न मात्र कोणी तरी निवडले : आईबापांनी आग्रहाने, भावकीने धाकाने, आणि शेवटी मौन पाळून त्यानेही. त्या मुलीस तर कोणी विचारलेही नाही. तिचे उत्तर देण्यास हे सर्व बांधलेले आहेत, ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणे. ज्यास नाही म्हणणे शक्य होते त्याने अधिक, ज्यास शक्य नव्हते त्याने कमी.

समलिंगी ओढ ही निवड आहे काय, हा प्रश्न आपण दुसऱ्यास विचारतो, आणि तो विचारून आपल्या निवडींचा हिशेब टाळतो. कर्व्यांस ज्या वाचकांनी पत्रे लिहिली, त्यांनी आपली ओढ निवडली नव्हती. विचारण्याचे धैर्य निवडले होते. कर्व्यांनी उत्तर देणे निवडले, आंबेडकरांनी वकीलपत्र घेणे निवडले, आणि न्यायासनाने दोनशे रुपये दंड करणे निवडले. त्यांपैकी कोणाच्या निवडीची लाज वाटावी, हे आज सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.